डाव्या कुशीवरचे ट्रॅक्टर

गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं की सुरुवातीला कुणाला पत्ता लागत नाही. थेंब पडतो आणि माती तो पिऊन टाकते. पण खाली पत्र्याचा डबा ठेवून बघा, संध्याकाळपर्यंत पेलाभर तेल जमतं. किश्शांचंही तसंच आहे. किस्सा घडतो तेव्हा जो तो हसतो आणि कामाला लागतो. डबा ठेवणारा कुणीतरी लागतो, एवढंच.

चिंचपोकळीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअर सांभाळतो. कुठलं यंत्र कधी आलं, त्याचं काय बिघडलं, काय बदललं, हे मी वहीत लिहितो आणि समोरच्या पानावर कोण काय बोललं तेही लिहितो. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीच्या वर्षांत माझ्या चार वह्या भरल्या. त्यातली निम्मी पानं तीन छोट्या ट्रॅक्टरांनी खाल्ली आहेत.

शीवला एका छोट्या टेकडीभोवती एका संस्थेचं मोठं आवार आहे. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत वाढतं. पूर्वी बायका विळ्यांनी कापायच्या. मग संस्थेने विलायतेहून तीन ट्रॅक्टर मागवले. शेतातल्या ट्रॅक्टरपुढे अगदीच बुटके, पोटाखाली गवत कापायची पाती. ते दुरुस्तीचं काम आमच्याकडे आलं. आमचे हेड मिस्त्री बाबी, कुडाळकडचे. तिन्ही यंत्रं हुबेहूब सारखी, पण लॉरीतून जी आधी उतरली ती थोरली, मग मधली, मग धाकटी, अशी नावं त्यांनी त्याच दिवशी ठेवून टाकली.

तिन्ही चालवणारा माणूस एकच, शांताराम. एक तापली की तिला सावलीत लावायची आणि दुसरी काढायची. शांताराम संस्थेत अकरा वर्षं हंगामी होता. कायम झाला असता तर आवारातली एक खोली मिळाली असती आणि गावाकडची बायको आणि दोन मुली मुंबईला आल्या असत्या. पण ट्रॅक्टर सारखे गळायचे. संस्थेचे नाडकर्णी साहेब दर वर्षी म्हणायचे, "आधी यंत्रं राहतात की जातात ते ठरू दे, मग माणसाचं बघू." ट्रॅक्टर भंगारात गेले असते तर शांतारामच्या हातात परत फावडं आलं असतं. तेव्हा आमच्याकडे येणारा प्रत्येक थेंब त्याच्या खोलीच्या दारावर पडत होता असं समजा.

*

पहिल्या पावसाळ्यात थोरली आली. तक्रार, तेल गळतं. बाबी मिस्त्रींनी तिला शहाबादी फरशीवर उभी केली, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि इंजिन दोन तास चालू ठेवलं. पेपर कोरडा. गाडी परत पाठवली.

चार दिवसांनी पुन्हा हजर. पुन्हा पेपर, पुन्हा दोन तास, पेपर कोरडा.

तिसऱ्या वेळी शांताराम स्वतः कमरेवर हात ठेवून समोर उभा राहिला. म्हणाला, "मिस्त्री, आईशप्पथ, टेकडीवर धार लागते."

बाबींनी खालचा पेपर ओढून त्याच्या हातात दिला. "हेच्यार खय तेल आसा ता दाखव. व्हया तर सगळी बातमी वाच."

शांतारामने खरंच दोन्ही बाजू उलटसुलट करून बघितल्या. मग म्हणाला, "मिस्त्री, हा पेपर गेल्या महिन्याचा आहे."

"मगे? तेलाक काय ताजी बातमी व्हयी?"

गाडी निघाली तेव्हा मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "अण्णा, लिहून ठेव. सासरी रडता, माहेराक इली की हसता. म्हणजे खोट हिच्यात नाय, सासरात आसा."

आम्ही हसलो. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं हे कळायला पुढे दोन वर्षं गेली.

*

दसऱ्याची गोष्ट. गिअरबॉक्सच्या डोक्यावर बोंडाएवढी एक टोपी असते आणि तिला बारीक भोक असतं. आतली हवा तापून फुगली की तिथून बाहेर पडते. पण शांतारामचा प्रश्न वेगळा होता. ट्रॅक्टरचं कपाळ कुठे? दिवा लावायला तोंड होतं, हार घालायला मान होती, कपाळच सापडेना. शेवटी त्याला ती टोपी दिसली. बरोबर मधोमध, जराशी उंच. त्याने तिन्ही टोप्यांवर गंध, गंधावर कुंकू, त्यावर अक्षता असा अंगठ्याने दाबून जाड टिळा लावला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही गाड्या पाळीपाळीने टेकडीवर गेल्या आणि तिन्ही पाळीपाळीने फुटल्या. गिअरच्या दांड्याच्या बुडातून तेल, झाकणाच्या फटीतून तेल, जिथे म्हणून जोड होता तिथून तेल. नाडकर्णी साहेब नेमके बघायला आले होते, पांढरी पँट घालून.

बाबी मिस्त्री ट्रामने आणि बसने तडक शीवला पोचले. गाडीभोवती एक चक्कर मारली, टोपीवरच्या अक्षता बघितल्या आणि कोटाच्या कॉलरमधली टाचणी काढून भोकात घातली. सुईंग करून आवाज आला आणि गळती थांबली.

"शांताराम," मिस्त्री म्हणाले, "टिळो कपाळार लावतत. तू तिच्या नाकात भरलंस. मगे ती श्वास खयसून घेतली?"

वहीत 'बिघाडाचे कारण' असा रकाना आहे. मी खूप विचार केला आणि शेवटी खरं ते लिहिलं. कुंकू.

पुढच्या दसऱ्याला मिस्त्री आदल्या दिवशीच जाऊन आले. बॉनेटवर तिन्ही गाड्यांना खडूने एकेक गोल काढला आणि शांतारामला दाखवला. "हयसर कपाळ. बाकी सगळा अंग."

*

तिसऱ्या पावसाळ्यात धाकटीचं ॲक्सलचं सील पार झिजलं. सील म्हणजे दांड्याभोवती घट्ट बसणारं चामड्याचं कडं, तेल अडवणारं. ते इतकं ढिलं झालं की आता सपाट रस्त्यावरसुद्धा थेंब पडू लागला. शांताराम सकाळी नऊला गाडी घेऊन शीवहून आमच्याकडे निघाला. अकरा वाजले, बारा वाजले, पत्ता नाही.

त्या दिवशी दादरला मोर्चा होता, आणि शांताराम अलगद त्याच्या मधोमध सापडला होता. मागे वळता येईना, पुढे जाता येईना. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "शेतकरी बांधव ट्रॅक्टर घेऊन आलेत, वाट द्या." लोकांनी वाट दिली, ती मोर्चाच्या अगदी पुढे जाणारी. धुराच्या नळीला झेंडा बांधला गेला, शांतारामच्या गळ्यात हार पडला. एका कार्यकर्त्याने आदराने विचारलं, "कुठल्या जिल्ह्यातून आलात?"

शांताराम खोटं बोलत नाही. म्हणाला, "शीवहून."

कार्यकर्ता जरा थबकला. मग मागच्यांकडे वळून त्याने हात वर केला, "शीवसुद्धा महाराष्ट्रातच आहे." टाळ्या पडल्या.

इकडे मी आणि बाबी ट्रामने दादरला उतरलो. माणूस कुठे शोधायचा? गर्दी निघून गेली होती, नुसत्या चपला पडल्या होत्या. मिस्त्री रस्त्याकडे बघत चालले होते, एकदम वाकले. बोट टेकवून वास घेतला. "आमचा तेल."

दर दोन पावलांवर एक थेंब होता. आम्ही मागोमाग निघालो. टिळक पुलाच्या चढावर थेंब दाट झाले, उतारावर विरळ झाले. एका चौकात पुरीएवढं डबकं होतं. मिस्त्रींनी ते निरखून बघितलं आणि निदान केलं, "हयसर भाषण झाला. बारीक नाय, मोठा."

थेंब शिवाजी पार्कच्या कठड्यापाशी संपले. धाकटी झेंड्यासकट उभी होती आणि शांताराम सीटवर बसून, हार सांभाळत, द्रोणातली भेळ खात सभा ऐकत होता.

"उतर, मेल्या," मिस्त्री म्हणाले.

"दहा मिनिटं, मिस्त्री. आत्ता मुद्द्यावर आलेत."

मग काय, मिस्त्रींनी कुणाकडून तरी एक रिकामा डबा मागून आणला, गाडीखाली सरकवला आणि आम्ही तिघांनी पूर्ण सभा ऐकली.

दुसऱ्या दिवशी नाडकर्णी साहेबांनी विचारलं, "गाडी दिवसभर होती कुठे?" शांतारामने जे घडलं ते सगळं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. पण आधी गवत कापून झालं पाहिजे."

*

आता धाकटीला नवं सील हवं होतं. ते विलायतेहून यायचं, त्याला परवाना लागायचा आणि परवान्याला सहा महिने. आमचे मालक फणसवाडीचे, जुन्या घराण्यातले. त्यांचं इंग्रजी फार सुरेख. त्यांनी परवान्याच्या ऑफिसला तीन पत्रं लिहिली आणि आम्हाला वाचूनही दाखवली. पत्रं इतकी सुंदर होती की उत्तर आलं नाही याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

मिस्त्रींनी जुनं सील रुमालात बांधलं आणि मला घेऊन लालबागला सखाराम चांभाराकडे गेले. जिन्याखाली त्याची बैठक. सखारामने ते कडं हातात फिरवलं.

"कोणाच्या पायातलं?"

"ट्रॅक्टरच्या," मी म्हणालो.

सखारामने मान वर केली नाही. "डाव्या की उजव्या?"

मिस्त्री हसले. "अरे, ता यंत्र आसा. तेका डावा-उजवा एकच."

"तुम्हाला एकच असेल," सखाराम म्हणाला. त्याने कडं उजेडाकडे धरलं. "ही झीज बघा. एका बाजूला कातडं पापडासारखं झालंय, दुसरीकडे नवं कोरं. हा तुमचा जो कोण आहे तो एका अंगावर झुकून चालतो. चप्पल खोटं बोलत नाही."

मिस्त्रींचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

सखारामने म्हशीचं चामडं कापून, एरंडेलात चार दिवस भिजवून सील करून दिलं. देताना बजावलं, "नवं आहे. पहिले चार दिवस चावेल. काढून फेकू नका." खरंच पहिले चार दिवस चाक जड चाललं आणि करपल्याचा वास येत होता. पाचव्या दिवशी मऊ झालं, आणि विलायती सीलपेक्षा दुप्पट टिकलं. मग बाकी दोघींनाही त्याच्याकडूनच शिवून घेतलं.

पण त्या दिवशी लालबागहून परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते वह्या काढण्याचं. तीन वर्षांतल्या ॲक्सलच्या गळतीच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक मांडल्या. थोरली, डावी बाजू. मधली, डावी बाजू. धाकटी, डावी. थोरली, डावी. उजवी एकदाही नाही. उजव्या बाजूला फक्त एक वेगळीच तक्रार होती, बेअरिंग कोरडं पडून करकरतं. मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं आणि तीन वर्षं मला दिसलं नव्हतं.

*

पुढच्या रविवारी मी शीवला जाऊन टेकडीखाली बसलो. शांतारामने थोरली काढली आणि पायथ्यापासून गोल फिरत कापायला लागला. टेकडी त्याच्या उजव्या हाताला. एक फेरा झाला, दुसरा थोडा वर, तिसरा आणखी वर. मध्ये गाडी बदलली. मधलीवर बसला, पुन्हा टेकडी उजव्या हाताला. म्हणजे गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत डाव्या अंगावर कललेली. सगळं तेल डावीकडे जाऊन सीलावर बसायचं आणि उजवं बेअरिंग तहानलेलं राहायचं. आमच्या फरशीवर पेपर कोरडा का, तेही कळलं.

तो चहाला थांबला तेव्हा मी म्हणालो, "शांताराम, सोपं औषध आहे. एक दिवस असा फीर, एक दिवस उलट फीर."

त्याने पेला खाली ठेवला. "उलट कसा फिरू अण्णा? वर देव आहे."

टेकडीच्या माथ्यावर चाफ्याखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, नारळापेक्षा थोडा मोठा. कुठला देव, कुणी बसवला, कुणालाच माहीत नाही. शांताराम रोज सकाळी एक फूल ठेवून मग गाडी काढायचा. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरायचं, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. त्यात इतकं काही सांगण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलंच नाही.

"पण तू प्रदक्षिणा घालत नाहीस, गवत कापतोस," मी म्हणालो.

"माझ्या मनात गवत आहे, अण्णा. देवाच्या मनात काय आहे ते मला काय ठाऊक?"

मी दुसरी वाट काढून बघितली. "महादेव असेल तर? महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा असते. अर्धं जायचं आणि आलो तसं परत फिरायचं. तुला रोज दोन्हीकडून कापता येईल."

शांतारामला ते मनापासून पटावंसं वाटत होतं, हे मला दिसलं. तो थोडा वेळ वर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "महादेवाला शेंदूर लावतात का, अण्णा?"

मी पायाजवळचं गवत उपटायला लागलो.

"मला कळतंय हो," तो म्हणाला. "गाड्या गेल्या की माझी खोली गेली. माझी धाकटी पोर पत्रात विचारते, मुंबईच्या शाळेत कधी घालणार. पण उलटा फेरा घालून खोली घेतली आणि उद्या पोरींना ताप आला, तर मी काय समजायचं?"

मी वही काखेत मारली आणि बस पकडायला निघालो.

*

मी येऊन मिस्त्रींना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते बराच वेळ विडी ओढत बसले. मग म्हणाले, "देवाक उलटो फेरो नको, बरोबर आसा. पण कामावरसून घराक इल्यार माणूस खयच्या कुशीवर निजता ता देव इचारता काय?"

दुसऱ्या दिवशी ते तीन जाड फळ्या घेऊन शीवला गेले. काम संपलं की तिन्ही गाड्यांची डावी चाकं फळीवर चढवून ठेवायची. दिवसभर डाव्या कुशीवर, मग सकाळपर्यंत उजव्या. तेल परत उजवीकडे येऊन बेअरिंगला मिळायचं आणि डाव्या सीलाला विसावा. शांतारामची काही हरकत नव्हती. उभ्या गाडीची प्रदक्षिणा होत नाही.

पण हे वॉचमनला सांगायचं राहून गेलं. त्याने ऑफिसात कळवलं की कुणीतरी ट्रॅक्टरची चाकं चोरायला आलं होतं आणि अर्धवट टाकून पळालं. नाडकर्णी साहेब सकाळीच शेडवर आले. तिन्ही गाड्या एका ओळीत, एकाच बाजूला कललेल्या. शेजारी बाबी मिस्त्री, हाताची घडी घालून.

"मिस्त्री, हे काय आहे?"

"दमलीत, सायबानू. कूस बदलून निजलीत."

साहेबांनी एकेकीकडे नीट बघितलं. मग विचारलं, "पांघरूण लागेल का?"

मिस्त्रींनी सगळं समजावून सांगितलं, देवासकट. साहेब हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पण त्या हंगामात एकही गाडी ॲक्सलसाठी आमच्याकडे आली नाही. वहीची तेवढी पानं कोरी आहेत. माझ्या चार वह्यांत मला सगळ्यात जास्त आवडणारी पानं तीच.

*

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी गवताचा हंगाम संपता संपता संस्थेच्या वरच्या ऑफिसातून नाडकर्णी साहेबांकडे एक छापील फॉर्म आला. ट्रॅक्टरांची चाचणी घ्या आणि कायमचं कळवा, ठेवायचे की काढायचे. चालकाची जागाही त्याच फॉर्मवर होती, खालच्या बाजूला.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं शीवला गेलो. मिस्त्रींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. शांताराम दाढी करून आला होता. तिघींत सगळ्यात जास्त गळालेली म्हणून चाचणीला धाकटी काढली. एक पूर्ण फेरा, टेकडी उजव्या हाताला. खाली येऊन गाडी पसरलेल्या पेपरवर उभी केली, दहा मिनिटं थांबलो. पेपर कोरडा.

"छान," साहेब म्हणाले. "आता एक फेरा उलट बाजूने."

शांतारामने वर चाफ्याकडे बघितलं.

"हे बघ शांताराम, मला तुझं ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "पण डावं सील टिकलं एवढंच मी बघितलं. उजव्या बाजूवर आजपर्यंत कधी भार पडलाच नाही. ते न बघता मी सही केली आणि उद्या तिकडून तेल आलं, तर वरचे मला विचारतील. एकच फेरा हवा."

साहेबांचंही काही चूक नव्हतं. हीच तर अडचण होती.

शांतारामने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. फडक्याला हात पुसले, बराच वेळ पुसले. मिस्त्री त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "एकच फेरो, रे. इतकी वर्षां तू सुलटे घातलंस. देव मागचा काय इसरतलो?"

शांताराम टेकडी चढायला लागला. आम्हाला वाटलं, माफी मागायला चाललाय. वर चाफ्याखाली तो वाकलेला दिसला आणि बराच वेळ तसाच राहिला. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं, पण हाक मारली नाही.

मग तो उतरायला लागला, फार जपून, एकेक पाऊल बघत. जवळ आला तेव्हा दिसलं. खांद्यावरचा पंचा त्याने पोटाशी धरला होता, तान्हं मूल धरावं तसा, आणि पंचात देव होता.

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली.

शांतारामने सीटशेजारच्या मडगार्डवर आपला सदरा घडी करून ठेवला, त्यावर देवाला बसवलं आणि पंच्याने दोन वेढे देऊन नीट बांधलं. हलवून बघितलं. मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "गावाला पालखी निघते तेव्हा ती डावीकडून जाते की उजवीकडून, कोण विचारतं?"

आणि त्याने धाकटी सुरू केली.

गाडी उलट्या बाजूने निघाली. टेकडी डाव्या हाताला, देव उजव्या मडगार्डवर, शांताराम बनियनवर ताठ बसलेला. इतकी सावकाश गाडी त्याने कधी चालवली नसेल. आवारातले माळी काम टाकून उभे राहिले. मिस्त्रींनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि गाडीच्या मागोमाग चालायला लागले. मग मीही निघालो. कापलेल्या गवताची टोकं पायाला टोचत होती. पाण्याच्या टाकीपाशी एका माळणीने ओंजळीतली तेरड्याची फुलं टाकली, त्यातली निम्मी रेडिएटरवर पडली. माझं सगळं लक्ष उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला होतं.

फेरा पूर्ण झाला. गाडी नव्या पेपरवर उभी राहिली. पुन्हा दहा मिनिटं थांबलो. मग नाडकर्णी साहेब पँटची पर्वा न करता गुडघ्यांवर बसले, वाकले, आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. उजव्या बेअरिंगच्या घराला हात लावला. गरम नव्हतं. पेपर उचलून उजेडात धरला.

शांतारामने तोवर देवाला सोडवलं होतं. तो वर गेला, होता तसा बसवून आला, सदरा अंगात घातला, बटणं लावली आणि समोर उभा राहिला.

साहेबांनी फॉर्म बॉनेटवर ठेवला आणि आम्हाला ऐकू येईल असं वाचत लिहायला लागले. "डावी बाजू, गळती नाही. उजवी बाजू, गळती नाही. तिन्ही ट्रॅक्टर ठेवावेत. चालक शांताराम यास कायम करावे." सही केली, तारीख टाकली.

मिस्त्रींनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला. शांताराम नुसताच धाकटीच्या चाकाला हात लावून उभा होता.

साहेब फॉर्म घडी करणार, तेवढ्यात थांबले. मधला एक रकाना रिकामा राहिला होता. मी त्यांच्या खांद्यावरून वाचला. 'चाचणीच्या वेळी ट्रॅक्टरवर चालकाखेरीज अन्य कोणी होते काय? असल्यास नाव व हुद्दा लिहावा.'

साहेबांनी पेन उघडलं. टेकडीच्या माथ्याकडे एकदा बघितलं. मग सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, "होय, एक. नाव माहीत नाही. हुद्दा, कायम."